पॉइंटवाल्या जुन्या गाडीचं ट्यूनिंग: टॅपेटपासून कार्ब्युरेटरपर्यंत

जुनी गाडी मिसिंग करू लागली, पिकअप गेला किंवा सिग्नलला उभी राहिली की बंद पडायला लागली, की पहिला स्क्रू ड्रायव्हर कार्ब्युरेटरलाच लागतो. मिक्श्चरचा (हवा-पेट्रोलच्या मिश्रणाचा) स्क्रू समोरच दिसतो, हाताने सहज फिरतो आणि फिरवला की आवाजात काहीतरी फरक पडतोच. म्हणून तो फिरवला जातो, दोष तिथे नसला तरी. कार्ब्युरेटरच्या नावावर खपणाऱ्या तक्रारी बहुतेक वेळा पॉइंट (कॉइलचा करंट तोडून ठिणगी पाडणारा स्विच), कंडेन्सर (पॉइंट जळू न देणारा त्याचा जोडीदार), टायमिंग (ठिणगी पडायची वेळ) नाहीतर टाइट झालेल्या टॅपेटच्या (व्हॉल्व्ह आणि तो दाबणाऱ्या रॉकरमधल्या गॅपच्या) असतात.

म्हणून क्रम असा: कॉम्प्रेशन, टॅपेट, प्लग, पॉइंट, टायमिंग आणि सगळ्यात शेवटी कार्ब्युरेटर. टॅपेट हलवलं की इंजिन हवा कशी ओढतं ते बदलतं. पॉइंटचा गॅप बदलला की टायमिंग सरकतं. टायमिंग सरकलं की आयडलिंग वरखाली होतं. मधली एखादी पायरी गाळली तर पुढचं सगळं पुन्हा करावं लागतं.

हे सगळं कॉन्टॅक्ट ब्रेकर पॉइंट आणि कार्ब्युरेटर असलेल्या, १२ व्होल्टच्या चार सिलिंडर गाड्यांना धरून लिहिलं आहे. दिलेले आकडे अशा गाड्यांमध्ये सर्रास आढळणारे आहेत. तुमच्या मॉडेलच्या मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा असेल तर तोच खरा.

हत्यारं फार लागत नाहीत. फिलर गेजचा (गॅप मोजायच्या पातळ पात्यांचा) एक चांगला संच, १२ व्होल्टचा टेस्ट लॅम्प, मल्टिमीटर, कॉम्प्रेशन गेज, प्लग पाना आणि जमल्यास टायमिंग लाइट. खडू किंवा पांढरा रंग जवळ ठेवा. इंजिन चालू ठेवून करायची कामं उघड्यावर करा, बंद गॅरेजमध्ये नाही. बाह्या दुमडून घ्या. फॅनला कपडा ओढायला क्षणही पुरतो.

कॉम्प्रेशन आधी

इंजिन गरम करा, चारही प्लग काढा, कॉइलकडे जाणारी वायर सोडा आणि अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून स्टार्टर मारा. गेजचा काटा चढायचा थांबेपर्यंत, म्हणजे साधारण पाच-सहा फेरे. अॅक्सिलरेटर न दाबता मोजलं तर हवाच कमी जाते आणि चांगलं इंजिनही मेल्यासारखं दिसतं.

आकडा किती आला यापेक्षा चारही सिलिंडर एकमेकांच्या किती जवळ आहेत ते महत्त्वाचं. जुन्या कमी कॉम्प्रेशनच्या इंजिनात १२० पीएसआय ठीक असू शकतं, पण तीन १२० आणि एक ८० म्हणजे गडबड. त्या सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा वर आला तर रिंग झिजल्या आहेत. जागेवरच राहिला तर व्हॉल्व्ह बसत नाही किंवा हेड पॅकिंग गेलं आहे. शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकदम कमी असतील तर हेड पॅकिंगवर संशय घ्या. व्हॉल्व्हवर शंका असेल तर निराश व्हायच्या आधी टॅपेट बघा, कारण टाइट टॅपेटही हेच लक्षण दाखवतं.

टॅपेट

गॅप थंड इंजिनात घ्यायचा की गरम, हे मॅन्युअल सांगतं आणि ते पाळायला हवं. बऱ्याच पुशरॉड इंजिनांत थंड असताना ०.३० मिमी, म्हणजे १२ थाऊ (इंचाचे हजारावे भाग), असा आकडा दिसतो.

प्लग काढूनच ठेवा, म्हणजे इंजिन हाताने फिरेल. क्रँक पुलीच्या बोल्टला पाना लावून इंजिन नेहमीच्या दिशेने फिरवा. चार सिलिंडर आणि आठ व्हॉल्व्ह ओळीत असलेल्या बहुतेक इंजिनांत नऊचा हिशेब चालतो: आठवा व्हॉल्व्ह पूर्ण दाबलेला असताना पहिला सेट करा, सातवा दाबलेला असताना दुसरा, सहावा असताना तिसरा. बेरीज कायम नऊ. पाना ज्या क्रमाने इंजिन फिरवेल त्या क्रमाने व्हॉल्व्ह समोर येतील. कुठले झाले त्यावर खडूने खूण करत जा.

लॉकनट सैल करा, रॉकर आणि व्हॉल्व्हच्या मध्ये पाती घाला आणि स्क्रू फिरवत जा. पाती सरकताना किंचित ओढ लागली पाहिजे. ढकलावी लागली तर गॅप कमी आहे. मग स्क्रू ड्रायव्हरने स्क्रू जागेवर धरून लॉकनट आवळा आणि पुन्हा तपासा. आवळताना स्क्रू थोडा फिरतोच, त्यामुळे दुसरी तपासणी टाळू नका.

इथे एक फसवणूक आहे. जुन्या रॉकरचा टोकाचा भाग व्हॉल्व्हवर घासून खोलगट होतो. सपाट पाती त्या खड्ड्यावर पुलासारखी आडवी बसते, त्यामुळे पाती १२ थाऊ सांगते आणि प्रत्यक्ष गॅप त्याहून बराच जास्त असतो. नीट सेट करूनही टॅपेट वाजत राहिलं तर रॉकर काढून त्याचं तोंड बघा. आवाज जावा म्हणून गॅप कमी करत बसू नका. वाजणारं टॅपेट कानाला त्रास देतं, पण टाइट टॅपेट एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जाळतं: व्हॉल्व्हची उष्णता सीटमधून हेडला जाते, आणि सीटवर टेकायलाच वेळ मिळाला नाही की त्याची कड करपते.

मऊ सीटच्या जुन्या हेडवर शिसं नसलेलं पेट्रोल वापरत असाल तर एक्झॉस्टचे गॅप वहीत लिहून ठेवा. प्रत्येक वेळी गॅप कमी झालेला सापडत असेल तर व्हॉल्व्ह सीटमध्ये रुतत चालला आहे, आणि त्यावर उपाय टॅपेटचा नाही, हेडमध्ये कडक सीट बसवण्याचा.

प्लग

प्लग ज्या क्रमाने काढले त्याच क्रमाने मांडून ठेवा. फिकट तपकिरी म्हणजे ठीक. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त किंवा ठिणगी कमकुवत. ओला, चकचकीत काळा म्हणजे ऑइल वर येतंय. पांढराफटक आणि कडेला वितळल्याचे कण म्हणजे मिश्रण फार हलकं किंवा टायमिंग फार पुढे. अशी गाडी दामटू नका. चारपैकी एकच प्लग वेगळा दिसत असेल तर कार्ब्युरेटर आरोपी नाही, तो सगळ्यांना तेच पेट्रोल देतो.

पॉइंटवाल्या गाडीत प्लगचा गॅप साधारण ०.६० ते ०.६५ मिमी. बाजूचा इलेक्ट्रोड वाकवा, मधल्याला जोर लावू नका. नवीन वायसर असलेला १४ मिमीचा प्लग हाताने बसेपर्यंत फिरवा, मग पान्याने अर्धा फेरा. जुनाच प्लग परत लावताना वायसर आधीच दबलेला असतो. तिथे जेमतेम बाराव्या भागाएवढा फेरा पुरतो. हेड अॅल्युमिनियमचं असेल तर हात आणखी आवरता घ्या.

पॉइंट आणि कंडेन्सर

निम्म्या तक्रारी इथे सुटतात, म्हणून इथे वेळ द्या.

डिस्ट्रिब्युटरची (प्लगना ठिणगीची वीज वाटणाऱ्या भागाची) कॅप काढायच्या आधी प्रत्येक वायरवर तिचा नंबर लिहा. कॅप आतून पुसून उजेडात धरा. दोन टर्मिनलच्या मध्ये पेन्सिलने ओढल्यासारखी बारीक काळी रेघ दिसली तर वीज तिथून गळते आहे. खरवडून उपयोग नाही, कॅप बदला. मधला कार्बन ब्रश बोटाने दाबला की स्प्रिंगवर परत वर यायला हवा.

पॉइंटची दोन तोंडं उघडून बघा. बऱ्याच काळ चाललेल्या पॉइंटवर एका बाजूला टेंगूळ आणि समोर खड्डा असतो. अशा पॉइंटवर फिलर गेज खोटं बोलतं, कारण पाती टेंगळावर टेकते. पॉइंट फाइलने टेंगूळ काढून काम भागवता येतं, पण पॉलिश पेपर वापरू नका. त्याचे कडक कण धातूत रुततात आणि पॉइंट लवकर जळतो. नवा संच महाग नाही, तोच बसवा.

नवे पॉइंट डब्यातून काढून थेट लावले आणि ठिणगीच आली नाही, असं वरचेवर होतं. त्यांच्या तोंडांवर गंज येऊ नये म्हणून तेलाचा पातळ थर असतो. स्वच्छ कागदाची पट्टी थिनरमध्ये भिजवून तोंडांच्या मध्ये धरा, पॉइंट मिटू द्या आणि पट्टी ओढून काढा. पट्टी स्वच्छ निघेपर्यंत पुन्हा करा.

दुसरी नेहमीची चूक वायसरची. स्प्रिंगचं टोक, कंडेन्सरची वायर आणि कॉइलकडून आलेली वायर या तिघांनी एकमेकांना टेकायचं, पण डिस्ट्रिब्युटरच्या बॉडीला टेकायचं नाही. त्यासाठी प्लास्टिकचा एक बारीक वायसर असतो. तो उलटसुलट बसला की पॉइंट उघडले तरी करंट अर्थला (गाडीच्या बॉडीला) जातच राहतो आणि गाडी मेलेली. काढताना तुकड्यांचा क्रम फोनवर टिपून ठेवा.

आता गॅप. इंजिन फिरवून पॉइंटची टाच, म्हणजे कॅमवर घासणारा फायबरचा तुकडा, कॅमच्या कोपऱ्याच्या बरोबर टोकावर आणा. पॉइंट सगळ्यात जास्त उघडलेले असतात ती जागा. टोकापासून जरासं अलीकडे मोजलं तर गॅप कमी भासतो आणि तुम्ही तो नको इतका वाढवता. बऱ्याच गाड्यांना ०.३५ ते ०.४० मिमी लागतो, म्हणजे १४ ते १६ थाऊ. फिक्सिंग स्क्रू किंचित सैल करा, खाचेत स्क्रू ड्रायव्हर घालून प्लेट सरकवा, पाती हलकी ओढ देईल तिथे थांबा, स्क्रू आवळा आणि पुन्हा मोजा. पाती तेलकट असेल तर आधी पुसा, नाहीतर धुतलेल्या पॉइंटवर पुन्हा तेल लागेल.

ड्वेल मीटर असेल तर तो अधिक भरवशाचा. ड्वेल म्हणजे कॅम फिरताना पॉइंट जितके अंश मिटलेले राहतात तो कोन. गॅप वाढला की ड्वेल कमी होतो. आयडलिंगला एक आणि मिनिटाला २,००० फेऱ्यांना दुसरा ड्वेल येत असेल, फरक तीन अंशांहून जास्त असेल, तर डिस्ट्रिब्युटरचा शाफ्ट बुशमध्ये हलतो आहे. शाफ्ट बोटांनी आडवा हलवून बघा. चाळा जाणवला तर कितीही गॅप सेट करा, प्रत्येक सिलिंडरला वेगळी वेळ मिळत राहणार.

कॅमला ग्रीसचा अगदी पातळ हात द्या, उष्णतेत न वितळणारं. रोटर (कॅपच्या आत फिरून एकेका प्लगकडे वीज देणारा तुकडा) काढून त्याखालच्या फेल्टवर इंजिन ऑइलचे एक-दोन थेंब. जास्त झालं तर ते पॉइंटवर उडतं.

कंडेन्सरची किंमत थोडी, पण तो त्रास भरपूर देतो. त्याची क्षमता साधारण ०.२ मायक्रोफॅरड असते. तो गेला की कॅप काढून स्टार्टर मारताना पॉइंटमध्ये निळसर-पांढरी चमक मोठी दिसते, पॉइंट भराभर जळतात आणि गाडी थंड असताना चांगली, गरम झाल्यावर मिसिंग, असं वागते. एक सल्ला: जुना कंडेन्सर नीट चालत असेल तर संच बदलताना तो उगाच बदलू नका. नवे कंडेन्सर खराब निघण्याचं प्रमाण कमी नाही. चालणारा जुना डिकीत जपून ठेवा.

रोटरची परीक्षा अशी: कॅपमधून कॉइलची जाड वायर काढा, इग्निशन चालू करा आणि वायरचं टोक इन्सुलेटेड पकडीने रोटरच्या पितळी पट्टीपासून ३ मिमीवर धरा. दुसऱ्या हाताने लाकडी काडीने पॉइंट उघडा-मिटा करा. रोटरवर ठिणगी पडली तर रोटर आतून शाफ्टला अर्थ होतो आहे, फेकून द्या. ठिणगी पडली नाही तर रोटर चांगला.

ठिणगीच नसेल तर टेस्ट लॅम्प सगळं सांगतो. इग्निशन चालू, लॅम्पचं एक टोक अर्थला, दुसरं कॉइलच्या डिस्ट्रिब्युटरकडच्या टर्मिनलला. पॉइंट मिटले की लॅम्प विझायला हवा आणि उघडले की लागायला हवा. कायम लागलेलाच राहिला तर पॉइंट मिटूनही करंट अर्थला जात नाही: तोंडं तेलकट, किंवा डिस्ट्रिब्युटरच्या आतली बारीक वायर तुटलेली. कायम विझलेला राहिला आणि कॉइलच्या दुसऱ्या टर्मिनलला करंट येत असेल, तर तो वायसर, शॉर्ट झालेला कंडेन्सर किंवा तुटलेली कॉइल. कॉइलचा प्रायमरी रेझिस्टन्स मल्टिमीटरने मोजा: साधी १२ व्होल्टची कॉइल सुमारे ३ ओहम, बॅलास्टवाली (बाहेरून वेगळा रेझिस्टर जोडलेली) सुमारे १.५ ओहम. बॅलास्टची कॉइल बॅलास्टशिवाय लावली तर ती तापते आणि पॉइंट जाळते. आणि काहीही तपासत असा, इंजिन बंद ठेवून इग्निशन बराच वेळ चालू ठेवू नका. पॉइंट मिटलेले असतील तर कॉइल सतत तापत राहते.

टायमिंग

पॉइंटच्या गॅपनंतरच टायमिंग, कारण ड्वेल एक अंश बदलला की टायमिंगही क्रँकवर साधारण एक अंशाने सरकतं.

आधी पुलीवरची खूण खरी आहे का ते बघा. रबरी डॅम्पर असलेल्या पुलीचं बाहेरचं कडं वर्षांनुवर्षांत सरकतं आणि खूण चुकीच्या जागी जाते. पहिल्या प्लगच्या भोकातून लांब प्लास्टिकची नळी घालून पिस्टन वर येतो ती जागा खुणेशी पडताळा. खूणच नसेल तर स्वतः करता येते: पुलीच्या परिघाला ३६० ने भागलं की एक अंशाचं अंतर मिळतं. १३० मिमी व्यासाच्या पुलीवर १० अंश म्हणजे सुमारे ११.३ मिमी.

स्टॅटिक टायमिंगला लाइटही लागत नाही. पहिला सिलिंडर कॉम्प्रेशनवर आणा; रोटर कॅपमधल्या एक नंबरच्या वायरकडे तोंड करून असेल. पुलीची खूण मॅन्युअलमधल्या अंशावर आणा. खूण ओलांडली गेली तर मागे पाव फेरा जाऊन पुन्हा पुढे या, म्हणजे टायमिंग चेनमधली ढील एकाच बाजूला राहते. डिस्ट्रिब्युटरचा क्लॅम्प सैल करा, टेस्ट लॅम्प वर सांगितला तसा जोडा, इग्निशन चालू करा. आधी बॉडी रोटर फिरतो त्या दिशेने फिरवून लॅम्प विझवा, मग उलट दिशेने सावकाश फिरवत या. लॅम्प लागतो त्या क्षणी थांबा आणि क्लॅम्प आवळा. मग इंजिन दोन पूर्ण फेरे फिरवून लॅम्प खुणेवरच लागतो का ते तपासा.

टायमिंग लाइट असेल तर डिस्ट्रिब्युटरला जोडलेली व्हॅक्यूमची नळी काढून तिचं तोंड बंद करा आणि आयडलिंगला खूण बघा. मग इंजिन सावकाश ३,००० फेऱ्यांपर्यंत न्या. खूण सलग पुढे सरकली पाहिजे; या वेगाला एकूण अॅडव्हान्स (पिस्टन वर पोचायच्या जितके अंश आधी ठिणगी पडते तो आकडा) बऱ्याच जुन्या चार सिलिंडर इंजिनांत २८ ते ३४ अंशांच्या आसपास असतो. झटक्याने सरकली, मध्येच अडकली किंवा वेग कमी केल्यावर जागेवर आली नाही, तर रोटरखालची वजनं गंजली आहेत किंवा त्यांच्या स्प्रिंग ताणल्या आहेत. गरम झाल्यावर आयडलिंग वर चढून तिथेच राहतं, ती तक्रार पुष्कळदा हीच. व्हॅक्यूम युनिट तपासायला नळी तोंडाने ओढा आणि जिभेने बंद करा. पॉइंटची प्लेट हलून तिथेच थांबली पाहिजे. परत आली तर डायफ्राम फाटला आहे.

शेवटची तपासणी रस्त्यावर. टॉप गिअरमध्ये ५० किमीच्या वेगावरून चढाला पूर्ण अॅक्सिलरेटर द्या. खुळखुळा वाजवल्यासारखं नॉकिंग होत राहिलं तर टायमिंग २ अंश मागे घ्या. मॅन्युअलमधला आकडा त्या काळच्या पेट्रोलसाठी होता, तेव्हा थोडी तडजोड चालते. फार मागे घेतलंत तर इंजिन तापतं आणि पेट्रोल जास्त पितं.

आणि आता कार्ब्युरेटर

स्क्रूला हात लावायच्या आधी चार गोष्टी: एअर फिल्टर स्वच्छ, चोकच्या केबलला २-३ मिमी ढील, फ्लोट बाउलमधून पेट्रोल ओसंडत नाही, आणि मॅनिफोल्डमध्ये (कार्ब्युरेटरपासून इंजिनात मिश्रण नेणाऱ्या नळीत) बाहेरची हवा शिरत नाही. हवेची गळती शोधायला चालू इंजिनच्या मॅनिफोल्ड पॅकिंगवर आणि थ्रॉटलच्या शाफ्टवर स्प्रेच्या बाटलीने पाणी मारा. आवाज क्षणभर बदलला तर गळती तिथेच. पेट्रोल किंवा थिनर मारून शोधायची पद्धत गरम एक्झॉस्टच्या शेजारी नकोच. रबरी नळ्याही दाबून बघा: इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल जुनं रबर मऊ करतं, चिरा पाडतं आणि आतले कण सुटून जेटमध्ये (पेट्रोलच्या बारीक भोकात) अडकतात. नळी बदलताना आर९ दर्जाची घ्या.

व्हॅक्यूम गेज असेल तर धडधाकट इंजिन आयडलिंगला पाऱ्याचे १७ ते २१ इंच दाखवतं आणि काटा स्थिर असतो. काटा ठरावीक ठेक्यात खाली उतरत असेल तर एखादा व्हॉल्व्ह. स्थिर पण कमी असेल तर मागे पडलेलं टायमिंग किंवा गळती.

फिक्स्ड जेट कार्ब्युरेटरमध्ये इंजिन पूर्ण गरम करा. मिक्श्चरचा स्क्रू हलक्या हाताने आत टेकेपर्यंत न्या, आवळू नका, आणि दीड फेरा बाहेर काढा. आयडलिंग ८०० च्या आसपास ठेवा. मग स्क्रू पाव-पाव फेरा फिरवत सगळ्यात जास्त वेग मिळतो ती जागा शोधा, वेग वाढला असेल तर थ्रॉटलच्या स्क्रूने खाली आणा आणि पुन्हा एकदा करा. स्क्रू फिरवून काहीच फरक पडत नसेल तर स्लो जेट तुंबलं आहे. त्यात तार घालू नका, हवेने फुंका.

एसयू (हवेच्या ओढीने आतला पिस्टन वरखाली होणाऱ्या) कार्ब्युरेटरची रीत वेगळी. बाजूची पिन दाबून पिस्टन साधारण पाऊण मिमी उचला. वेग क्षणभर किंचित वाढून पूर्ववत झाला तर मिश्रण बरोबर. वाढला आणि वाढलेलाच राहिला तर पेट्रोल जास्त; जेटचा नट वर फिरवा. इंजिन मान टाकू लागलं तर पेट्रोल कमी, नट खाली. एका वेळी नटाची एकच कड. पिस्टनवरच्या डॅम्परमध्ये एसएई २० ऑइल आहे का तेही बघा. ते संपलं की अॅक्सिलरेटर दिल्यावर गाडी गचका खाते आणि दोष मिश्रणावर जातो. दोन कार्ब्युरेटर असतील तर आधी नळीचं एक टोक कानाला आणि दुसरं प्रत्येकाच्या तोंडाशी धरून फुसफुस सारखी करा, मग मिश्रण.

पॉइंट नवे घातले असतील तर त्यांची टाच सुरुवातीला भराभर बसते आणि गॅप कमी होतो. ५०० किलोमीटर झाले की गॅप आणि टायमिंग पुन्हा तपासा. त्यानंतर दर ५,००० किलोमीटरला बघितलं तरी चालतं.